'पुढं' म्हटलं की स्लाइड बदलायची

पाच मिनिटं आणि दहा स्लाइड, एवढंच आम्हाला मिळालं होतं. पाच मिनिटं झाली की अध्यक्ष टेबलावरची घंटा वाजवणार आणि बोलणारीनं वाक्य अर्धं असलं तरी खाली उतरायचं. डॉक्टरांच्या परिषदेत परिचारिकांना बोलू द्यायची ती पहिलीच खेप. साडेबारा ते एक एवढी अर्ध्या तासाची फट आमच्यासाठी काढली होती. एक वाजता जेवण. जेवणाचा मांडव सभागृहाला लागूनच, त्यामुळे आमचं सत्र मसालेभाताच्या वासात होणार हे पत्रिका छापली तेव्हाच ठरून गेलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. सोलापुरातल्या एका खाजगी इस्पितळात मी बाळंतिणींच्या वॉर्डची सिस्टर होते. चौदा वर्षं एकाच वॉर्डात काढली होती. पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या आणि संध्याकाळी चपलेत पाऊल मावत नसे. इस्पितळाचा सुईणींचा आणि शिकाऊ नर्सेसचा एक वर्ग होता. त्या वर्गाची ट्यूटर निवृत्त होणार होती. ती जागा मला हवी होती. खुर्ची होती, फळा होता, दहा ते पाच काम होतं. शिकवण्याची तळमळ वगैरे मला नव्हती, आणि असती तरी तिच्यासाठी मी एवढी धडपड केली नसती. मला बसायला हवं होतं.

जागेसाठी आम्ही दोघीच होतो. दुसरी माझ्याहून दहा वर्षांनी लहान, इस्पितळाच्या खेड्यातल्या केंद्रावर काम करणारी. केंद्र अकलूजच्या पलीकडे. उसाच्या फडांतून वाट तुडवत ती गावोगाव जायची आणि म्हाताऱ्या सुईणींना पातं उकळून नाळ कापायला शिकवायची. तिकडे नाळ विळ्यानं कापत आणि वर शेण नाहीतर राख लावत. मग आठवड्याच्या आत मूल धनुर्वातानं ताठ व्हायचं. तिच्या गावांत हे जवळजवळ थांबलं होतं. ते तिनं केलं होतं, मी नाही. माझ्या वॉर्डात चादरी स्वच्छ असत आणि नोंदी वेळेवर होत, एवढंच माझं कर्तृत्व.

तिला नवऱ्यानं टाकलेलं होतं. सात वर्षांची मुलगी करकंबला आजीजवळ. केंद्रावरच्या खोलीत विंचू निघायचे, जवळ शाळा नव्हती, म्हणून मुलीला तिथे ठेवता येत नव्हतं. ट्यूटरच्या जागेबरोबर इस्पितळाच्या आवारात दोन खोल्यांचं क्वार्टर मिळायचं, आतच नळ असलेलं. इस्पितळाच्या फाटकासमोर मुलींची शाळा. अहवाल घेऊन आली की ती क्वार्टरच्या बाजूनंच जायची आणि खिडकीतून आत बघायची. मला एकदा म्हणाली होती, "ताई, हितं चूल न्हाय, स्टो चालंल का हो? पोरीला भाकरी लागती."

"आधी जागा तर मिळू दे," मी म्हणाले.

"मिळंल की. न्हाय मिळाली तर तुमाला मिळंल. मग मी तुमच्याकडं येऊन ऱ्हाते."

असं ती बोलायची. मी मनात म्हटलं, बघू.

मला क्वार्टरचा उपयोग नव्हता. यजमान गिरणीत कारकून होते, शहरात आमचं स्वतःचं घर होतं. पण जागा तर एकच होती, आणि क्वार्टर त्या जागेच्याच पदराला बांधलेलं.

इस्पितळाचे मुख्य, ज्यांना आम्ही सगळे मोठे डॉक्टर म्हणत असू, त्यांनी आम्हा दोघींना बोलावून सांगितलं, "परिषदेत दोघी बोला. जिला पाच मिनिटांत लोकांना नीट शिकवता येईल ती ट्यूटर. म्हणजे मग कुणाची तक्रार नको." मेट्रन बाजूला उभी होती. तिनं मान डोलावली. ती सगळ्यालाच मान डोलवायची.

स्लाइड करायचं काम नवी पेठेतल्या एका फोटो स्टुडिओवाल्याकडे दिलं. प्रोजेक्टरही त्याचाच. तो पन्नाशीचा, विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. मराठी त्याला कामापुरतं पक्कं येत होतं, पण त्याचं मराठी ठरलेल्या रस्त्यानं जाणारं होतं. चार वाजता म्हटलं की चार म्हणजे चार. 'चारच्या सुमारास' हे त्याला कळायचं नाही. केंद्रावर जाऊन त्यानं तिचे फोटो काढले. फिल्मचा रोल मुंबईला धुवायला गेला आणि महिन्यानं परत आला. एकेक स्लाइड उजेडासमोर धरून आम्ही पाहिली. माझ्या दहा म्हणजे खाटा, कपाट, तक्ते, हात धुण्याची कुंडी. तिच्या पाहिल्यावर मेट्रनच्या तोंडून "अगंबाई" निघालं. एका स्लाइडमध्ये पाच-सहा दिवसांचं मूल होतं, धनुष्यासारखं मागे वाकलेलं, मुठी आवळलेल्या. त्याच्या आईनं फोटो काढू दिला होता, दुसऱ्यांना दिसू दे म्हणून. मूल त्याच दिवशी गेलं.

ती स्लाइड पडद्यावर आली की सभागृह गप्प होणार आणि माझं कपाट कुणाच्या लक्षात राहणार नाही, हे मला तिथेच कळलं.

परिषदेच्या आदल्या दुपारी नर्सेसच्या जेवणघरात आम्ही तालीम केली. प्रोजेक्टर नव्हता, नुसतं बोलून बघायचं. माझ्या छातीवर लावलेलं घड्याळ होतं, त्यावर मी तिची वेळ धरली. ती उभी राहिली, ओढणी घेतल्यासारखा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि बोलायला लागली. बोलणं झकास होतं. पण दुसऱ्याच वाक्याला माझ्या कानाला काहीतरी खटकलं, आणि मग मी घड्याळाऐवजी तेच मोजत बसले. ती दर वाक्याला 'फुडं' म्हणत होती. अकलूजच्या फुडं. फुडं काय झालं. फुडं मग सुईण म्हनली. गोष्ट सांगताना आपल्याकडे सगळेच 'पुढे' म्हणतात, पण तिला त्याशिवाय श्वासच घेता येत नव्हता. पाच मिनिटांत एकवीस वेळा.

"कसं झालं?" तिनं विचारलं.

"छान झालं. आता काही बदलू नकोस. बदलशील तर उद्या अडखळशील."

"खरं?"

"खरंच. आणि पडद्याकडे बघत बोलायचं नाही. पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड."

हा दुसरा सल्ला कुठल्याही पुस्तकात सापडेल. पहिला माझा.

तोपर्यंत माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं. बोली अशी आहे, लोक थोडे हसतील, एवढाच विचार होता. ठरलं ते दुसऱ्या दिवशी, आणि एका क्षणात.

सकाळचं डॉक्टरांचं सत्र मी मागे उभी राहून पाहिलं. वॉर्डातल्या जाड चादरी खिडक्यांना टांगून अंधार केला होता. फेब्रुवारीचा शेवट, आत भट्टी. प्रोजेक्टर सभागृहाच्या पार मागच्या टोकाला, त्याच्या पंख्याची घरघर, शेजारी स्टुडिओवाला घामानं निथळत उभा. डॉक्टर व्यासपीठावरून "नेक्स्ट" म्हणत आणि तो बटण दाबी. एका सर्जनच्या वेळी त्याला ऐकू आलं नाही. सर्जननं भाषण थांबवून सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो, झोपलात काय? शब्द कानावर पडला की बदलायची. विचार करायला तुम्हाला ठेवलेलं नाही." लोक हसले. स्टुडिओवाल्याचा चेहरा अंधारात दिसला नाही, पण त्यानंतर त्यानं बटणावरचं बोट उचललं नाही.

बारा-वीसला तो आमच्याकडे आला. सत्रात बोलणाऱ्या आम्ही चौघी. दोघी बाहेरच्या इस्पितळांतल्या, आणि आम्ही दोघी.

"सिस्टर, तुमी मराठीत बोलणार. मग शब्द कुठला? एकच सांगा. चौघींना एकच. तो आला की मी दाबणार."

"नेक्स्टच म्हणू की," बाहेरच्यांपैकी एक म्हणाली.

"माझी जीभ न्हाय वळत त्याला," ती म्हणाली. "नेक्स म्हनते मी. लोक हसतील. ताई, तुमीच ठरवा काय ते."

मी म्हणाले, "पुढं म्हणू. सोपं आहे."

"पुढं," स्टुडिओवाल्यानं म्हणून पाहिलं. "आणि ह्या बाई फुडं म्हणतात, ते?"

"तेच ते."

"दोन्ही धरू?"

"धरा."

ती हसून म्हणाली, "बघा, माझ्यासाठी भाऊंनी दुसरा शब्द बी घेतला."

"आणखी एक सांगतो," तो म्हणाला. "मशीन मागं जात नाही. मागं नेलं की ट्रे अडकतो, मग सगळ्यांचंच बंद. आज सकाळी एकदा अडकला."

"मागं कशाला जायचंय," मी म्हणाले.

हे सगळं बोलणं मिनिटभरात झालं. मी कुणाला धक्का दिला नाही, काही लपवलं नाही, खोटं बोलले नाही. विचारलं तेव्हा एक शब्द सांगितला.

पहिल्या दोघी बोलल्या. दुसरीच्या तोंडून एकदा "पुढे सांगते त्याप्रमाणे" असं गेलं आणि स्लाइड आधीच सरकली. तिनं जीभ चावली, लोक जरासे हसले, तिनं सावरून घेतलं. मी चटकन शेजारी पाहिलं. ती डोळे मिटून ओठांतल्या ओठांत आपलं भाषण म्हणत होती. तिनं काहीच पाहिलं नव्हतं. तेव्हाही सांगता आलं असतं. कोपरानं ढोसून एवढंच, "फुडं म्हणू नकोस." मी समोर बघत राहिले.

तिचं नाव पुकारलं. ती वर गेली, नमस्कार केला, पडद्याकडे पाठ केली. पडद्यावर पहिली स्लाइड, फडांतून जाणारी पायवाट.

"नमस्कार. माझं केंद्र अकलूजच्या फुडं हाय."

खट. पायवाट गेली, म्हातारी सुईण आली.

"तितनं फुडं एसटी न्हाय, चालत जायाचं."

खट. सुईण गेली, विळा आला.

"ह्याच वाटंनं मी रोज जाते," तिनं हात मागे करून विळा दाखवला. पहिल्या दोन रांगांत खुसखुस झाली. तिला वाटलं लोकांना आवडतंय. तिनं आवाज चढवला. "गावात एक आजी हाय. साऱ्या गावची बाळंतपणं तिच्या हातची. ही बघा, कशी बसलीय!"

पडद्यावर विळा. आता मोठ्यानं हसले.

"हसू नका, लई हुशार हाय ती. पण तिला कुनी शिकवलंच न्हाय तर ती फुडं काय करणार?"

खट. शेणाची पाटी.

"तिचा मालक गेला, फुडं दोन लेकरं बी गेली."

खट.

ते मूल आलं. धनुष्यासारखं वाकलेलं, मुठी आवळलेलं, भिंतीएवढं मोठं. आणि सभागृह अजून शेणाच्या पाटीला हसत होतं. मी लोकांच्या तोंडाकडे पाहिलं. काहींनी पाहिलं, मला दिसलं, त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, ते कुठे ठेवावं हे त्यांना कळलं नाही. बाकीचे एकमेकांना कोपरं मारत होते. ती मुलाकडे पाठ करून उभी होती आणि म्हातारीच्या नवऱ्याबद्दल बोलत होती.

"तर फुडं नाळ कापायची येळ येती."

खट. सहावी स्लाइड. केंद्राचं उद्घाटन. मोठे डॉक्टर हार घालून, हातात कात्री, फीत कापताना.

"बघा," ती म्हणाली, आणि हात लांब करून नेमकी मोठ्या डॉक्टरांवर बोट ठेवून उभी राहिली, "ह्यानं कापत्यात नाळ. गंजल्यालं असतंय. कवा धुतल्यालं न्हाय. गोठ्यातनं उचलायचं आन् लावायचं बाईला."

असं हसणं मी त्यानंतर कुठल्याही सभेत ऐकलं नाही. माणसं खुर्च्यांवर पुढे वाकली. एक जाडे डॉक्टर डोळे पुसत होते. मोठे डॉक्टर पहिल्या रांगेत मधोमध बसले होते. तेही हसले, हसावंच लागलं त्यांना, पण त्यांचे कान पडद्याच्या उजेडात लाल झालेले मला दिसले.

तेव्हा तिनं वळून पाहिलं.

"अगं बया. अहो भाऊ, मागं घ्या, लई फुडं गेलं."

खट.

"फुडं न्हाय हो, मागं!"

खट.

"अहो, फुडं नका नेऊ म्हनते की!"

खट.

स्टुडिओवाला आपलं काम करत होता. त्याला ती काय म्हणते हे पंख्याच्या घरघरीत नीट ऐकू येत नव्हतं, शब्द तेवढा येत होता. तिला आता काय होतंय ते कळलं. तिनं हात तोंडावर धरला आणि गप्प झाली. नववी स्लाइड थांबली, उकळत्या पाण्याचं पातेलं आणि त्यात पातं. हीच तिची खरी गोष्ट होती, आणि आता ती बोलू शकत नव्हती. तिनं पातेल्याकडे बोट दाखवलं. बोटावर बोट आपटून कापायची खूण केली. मुक्याचा तमाशा झाला.

मागच्या रांगेतून कुणीतरी शिकाऊ डॉक्टर ओरडला, "फुडं!"

खट. दहावी.

"फुडं!" दोन-तीन आवाज एकदम.

खट. ट्रे संपला. पडदा पांढराशुभ्र झाला आणि तिची सावली त्यावर पडली, पदर दोन्ही खांद्यांवर, हात तोंडावर.

माझ्या घड्याळात दोन मिनिटं दहा सेकंद झाले होते. जवळजवळ तीन मिनिटं शिल्लक होती. अध्यक्ष हसू आवरत म्हणाले, "बाई, आटपायचं का?" तिनं हात तोंडावरून काढला.

"पातं उकळून घ्यावं. नाळंला शेण लावू ने. येवढंच हुतं."

घंटा वाजली. वेळ झाली नव्हती, तरी वाजली. ती पायऱ्या उतरून आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. तिच्या अंगाला घामाचा वास येत होता. मला म्हणाली, "पोराची कवा गेली हो ताई? लोकांनी बघितली का?"

"बघितली," मी म्हणाले, कारण माझं नाव पुकारलं होतं.

मी वर गेले. पहिली स्लाइड झाली, मी "पुढं" म्हटलं, आणि सभागृह पुन्हा फुटलं. मला हे अपेक्षित नव्हतं. मी थांबले. हसणाऱ्यांकडे वॉर्डात गोंधळ घालणाऱ्या नातेवाइकांकडे बघतात तसं बघितलं. ते गप्प झाले. मग मी बोलले. नऊ वेळा 'पुढं' म्हटलं, एकदाही जास्त नाही. तालमीनंतर तो शब्द कानाला खटकत होता, म्हणून आदल्या रात्री घरी माझ्या भाषणातले सगळे 'पुढे' मी पेन्सिलीनं खोडून काढले होते. खाटा, कपाट, तक्ते, हात धुण्याची कुंडी. चार मिनिटं पन्नास सेकंद. टाळ्या पडल्या. त्यात जेवण लागल्याचा आनंद किती आणि माझा वाटा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

मांडवात मोठे डॉक्टर पान वाढून घेताना मेट्रनला म्हणाले, "काम करते हो ती, मी नाही म्हणत नाही. पण अशी बाई मुलींपुढे उभी करायची?" मेट्रननं मान डोलावली.

मी स्लाइड परत घ्यायला आत गेले. स्टुडिओवाला प्रोजेक्टर गार व्हायची वाट बघत बसला होता.

"सिस्टर, शब्द तुमीच दिला होता."

"हो."

"काल तुमी त्या बाईंची तालीम ऐकली, असं त्या सांगत होत्या."

"ऐकली."

त्यानं स्लाइडचे दोन्ही डबे, माझा आणि तिचा, माझ्या हातात दिले. "माझी चूक नाही," तो म्हणाला.

"तुमची नाहीच."

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला आणि झाकण लावायला वळला.

आठवड्यात पत्र आलं. मी ट्यूटर झाले. वाईट झाले नाही, हेही लिहून ठेवते. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींपैकी एकीनंही न उकळलेलं पातं वापरलं नाही. त्यासाठी मी तिच्याच स्लाइड वापरल्या. डबा इस्पितळाच्या मालकीचा होता. नीट क्रमानं दाखवल्या की त्या भयंकर परिणाम करीत. ते मूल आलं की वर्गात एखादी मुलगी हमखास रडायची, आणि मग ती आयुष्यभर विसरायची नाही. फोटो कुणी काढवले हे मी सांगत नसे. कुणी विचारत नसे.

क्वार्टर मात्र रिकामं राहिलं. ट्यूटरनं आवारात राहावं असा नियम, म्हणून किल्ली माझ्याकडे. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे पाय वर करून पडायची, एवढाच त्याचा वापर. आतली खोली मी उघडतही नसे.

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, ती महिन्याचा अहवाल घेऊन आली. परिषदेनंतर आम्ही समोरासमोर बोललो नव्हतो. ती वाळली होती. केंद्रावर तिला आता लोक 'फुडंबाई' म्हणतात, असं एसटीतून येणाऱ्या कंपाउंडरनं सांगितलं होतं. सभागृहातलं हसणं अकलूजपर्यंत पोचायला चार दिवस लागले नव्हते.

तिनं खुर्चीत बसायचं टाळलं, टेबलाला धरून उभी राहिली.

"ताई, क्वार्टरातली आतली खोली मोकळीच असती न्हवं?"

"असते."

"पोरीला तितं ठेवली तर? माझी आई येऊन ऱ्हाईल संगट. झाडलोट करंल, तुमाला दुपारचा च्या करून दील. पोरीचं नाव समोरच्या शाळंत घालते. मी आपली केंद्रावरच ऱ्हाते, सुट्टीला येते."

मला ते पटत होतं. हे मी खरं सांगते. खोली पडून होती, म्हातारी कामाची झाली असती, चहाही मिळाला असता. माझ्या तोंडात "बघते" आलं होतं. मोठ्या डॉक्टरांना एक चिठ्ठी लिहिली असती तर त्यांनी न वाचता सही केली असती.

तिला माझ्या गप्प बसण्याचा अर्थ वेगळा वाटला असावा. ती घाईनं म्हणाली, "आन् त्या दिवसाचं मी काय मनात धरल्यालं न्हाय, ताई."

"कुठल्या दिवसाचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. रोग्याकडे बघावं तसं, किती दिवसांचं दुखणं आहे याचा अंदाज घेत.

"काय न्हाय," ती म्हणाली.

म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून, कुणाकडून, का त्याच वेळी व्यासपीठावर वळून पाहिलं तेव्हापासून, ते मी विचारलं नाही. माहीत असून ती आली होती. माहीत असून तिची आई मला रोज दुपारी चहा करून देणार होती, आणि तिची मुलगी शाळेतून आली की मला आत्या नाहीतर मावशी म्हणणार होती. स्टो कुठे ठेवायचा, नळ कुठे, सगळं तिनं आधीच बघून ठेवलेलं होतं. आणि मी तिथे पाय वर करून पडायचं होतं.

मी कपाटातून नियमांची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. तिला वाचता येत होतं, तरी मी मोठ्यानं वाचलं, "क्वार्टर केवळ ट्यूटर व तिचे कुटुंबीय यांच्या निवासासाठी."

"बरं," ती म्हणाली.

"नियम मी केलेला नाही."

"न्हाय, न्हाय. तुमी कशाला कराल."

तिनं अहवाल पुढे सरकवला. मी सही केली, शिक्का मारला. ती दोनच्या एसटीला गेली. तिची मुलगी करकंबलाच चौथीपर्यंत शिकली, एवढं नंतर कानावर आलं. त्यानंतरचं मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिपायाला सांगून वर्गातल्या मोडक्या खाटा, जुना फळा आणि रद्दी त्या आतल्या खोलीत भरून घेतली. छतापर्यंत रचली. खोली मोकळी आहे असं पुन्हा कुणी म्हणायला नको.